‘एटॉइन श्रड्लू’च्या मागावर: ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ या वृत्तपत्र-संग्रहाचे परीक्षण

जुन्या वृत्तपत्रांच्या डिजिटल संग्रहांबद्दल लिहिताना पानांची संख्या सांगून मोकळे होण्याची पद्धत आहे. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ या संग्रहात ही संख्या दोन कोटींच्या पुढे गेलेली आहे. आकडा मोठाच आहे, पण वापरणाऱ्याला त्यावरून काही कळत नाही. संग्रह किती उपयोगाचा आहे हे पाहायचे असेल, तर एखादा अवघड शब्द हाती घ्यावा, चिकाटीने त्याच्या मागे लागावे आणि संग्रह कुठवर साथ देतो ते पाहावे. मी त्यासाठी अमेरिकेतल्या वृत्तपत्रांच्या छापखान्यातला एक जुना वाक्प्रयोग निवडला: ‘एटॉइन श्रड्लू’. रोमन लिपीतली ई, टी, ए, ओ, आय, एन ही सहा अक्षरे आणि त्यांच्यापुढे एस, एच, आर, डी, एल, यू ही सहा अक्षरे ठेवली की तो तयार होतो. उच्चार ज्याला जसा जमेल तसा, कारण तो उच्चारण्यासाठी जन्मलाच नव्हता.

ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशात या अक्षरांची नोंद आहे, त्यामुळे अर्थ हवा असणाऱ्याचे काम तिथे भागते. मात्र हा वाक्प्रयोग कोणा लेखकाने किंवा वक्त्याने रूढ केलेला नाही. तो वृत्तपत्रांत चुकून छापला गेला, पुन्हा पुन्हा छापला गेला आणि अखेर छापखान्यातल्या चुकीचेच ते नाव होऊन बसले. अशा शब्दाचा इतिहास पाहायचा, तर त्या चुका जिथे जशाच्या तशा राहिल्या आहेत अशी पानेच उघडायला हवीत. संपादित पुस्तकांत त्या केव्हाच पुसल्या गेलेल्या असतात.

वाक्प्रयोगाचे मूळ लायनोटाइप या यंत्रात आहे. जर्मनीत जन्मलेला ओटमार मर्गेनथालर हा घड्याळजी १८७२ मध्ये अमेरिकेत आला आणि बाल्टिमोरमध्ये त्याने हे यंत्र घडवले. ३ जुलै १८८६ रोजी ‘न्यू यॉर्क ट्रिब्यून’च्या छापखान्यात ते वृत्तपत्राच्या कामाला लागले. तोवर जुळारी एकेक खिळा खणातून उचलून ओळ भरत असे आणि छपाई उरकल्यावर प्रत्येक खिळा पुन्हा त्याच्या खणात सोडत असे. लायनोने हा खटाटोप संपवला. ऑपरेटरने कळ दाबली की वरच्या पेटीतून त्या अक्षराचा पितळी साचा घरंगळत खाली येई. साच्यांची ओळ भरली की शब्दांमधल्या पाचरी वर रेटल्या जाऊन ती दोन्ही कडांना घट्ट बसे. मग शिसे, अँटिमनी आणि कथील यांचा सुमारे २८५ अंश सेल्सिअसला वितळलेला रस साच्यांत शिरे आणि अख्खी ओळ एका कांडीच्या रूपात बाहेर पडे. या कांडीला स्लग म्हणत. सर्वांत चतुर भाग त्यानंतरचा आहे, असे माझे मत आहे. वापरून झालेले साचे यंत्र स्वतःच उचलून वर नेई आणि प्रत्येक साच्याला पाडलेल्या दात्यांच्या वेगवेगळ्या रचनेवरून त्याला बरोबर त्याच्याच कप्प्यात सोडून देई. खिळे सोडण्याच्या कंटाळवाण्या कामावर ज्यांनी आयुष्याची वर्षे घालवली, त्यांना हे पाहून काय वाटले असेल, याची कल्पना करता येते.

या यंत्राला ९० कळा होत्या आणि त्यांची मांडणी टंकलेखन यंत्राहून अगदी निराळी होती. शिफ्टची कळ नव्हती. डाव्या बाजूला लहान अक्षरांच्या काळ्या कळा, उजव्या बाजूला मोठ्या अक्षरांच्या पांढऱ्या कळा आणि मधल्या निळ्या कळा आकडे, विरामचिन्हे वगैरेंच्या, अशी व्यवस्था होती. इंग्रजी मजकुरात जी अक्षरे वारंवार येतात, त्यांना सर्वांत डावीकडच्या उभ्या रांगा दिलेल्या होत्या. पहिल्या रांगेत वरून खाली ई-टी-ए-ओ-आय-एन, दुसरीत एस-एच-आर-डी-एल-यू आणि तिसरीत बहुतेक यंत्रांवर सी-एम-एफ-डब्ल्यू-वाय-पी ही अक्षरे असत. पहिल्या दोन रांगांवरून बोट वरून खाली फिरवले की ‘एटॉइन श्रड्लू’ आपोआप तयार होई.

ऑपरेटर असे बोट का फिरवत, हे कळले की वाक्प्रयोग कळला. टंकलेखकाप्रमाणे मागे जाऊन एक अक्षर खोडण्याची सोय लायनोवर नव्हती. ओळ भरताना चूक झाली, तर साचे हाताने काढून पुन्हा लावता येत, पण त्यात वेळ जाई. त्यापेक्षा उरलेली जागा काहीतरी भरून ती ओळ ओतून टाकावी, खाली तीच ओळ नव्याने बरोबर जुळवावी आणि चुकलेला स्लग नंतर फेकून द्यावा, हे सोपे पडे. ओळ अर्धवट सोडून ओतणे मात्र परवडणारे नव्हते, कारण सैल राहिलेल्या ओळीतून तापलेला रस बाहेर उडण्याचा धोका असे. म्हणजे ती कशाने तरी भरणे भाग होते, आणि भरण्याचा सर्वांत जलद मार्ग बोटाखालीच होता. शिवाय ही अक्षरे दिसली की स्लग उचलणाऱ्याला आणि मुद्रितशोधकाला निराळे काही सांगावे लागत नसे. ही ओळ टाकायची आहे, एवढा निरोप त्यातच पोहोचे. पान बंद करायची वेळ गळ्याशी आली की एखादा स्लग नजरेतून सुटे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वाचकांच्या चहाबरोबर घरोघर जाई.

संग्रहाची कसोटी इथूनच सुरू होते. ‘क्रॉनिकलिंग अमेरिका’ २००७ मध्ये खुला झाला. लायब्ररी ऑफ काँग्रेस आणि अमेरिकेचा मानव्यविद्यांसाठीचा राष्ट्रीय निधी यांचा हा संयुक्त उपक्रम असून, निरनिराळ्या राज्यांतील संस्था अनुदान घेऊन आपापल्या भागातील वृत्तपत्रे त्यात आणून देतात. वापरण्यासाठी नोंदणी लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत. शोधचौकटीत ही अक्षरे अवतरणचिन्हांत टाकली की पानांच्या लहान प्रतिमा समोर येतात आणि शोधलेला शब्द त्यांवर रंगाने ठळक झालेला असतो. पान मोठे करत त्या जागी गेले की यंत्राची सगळी कहाणी दोन ओळींत दिसते. गावातल्या कुठल्याशा समारंभाची किंवा बाजारभावाची बातमी सरळ चाललेली असते. एक ओळ तीन-चार शब्दांपर्यंत नीट येते, एका शब्दातली दोन अक्षरे उलटीपालटी होतात आणि पुढची सगळी ओळ ‘एटॉइन श्रड्लू’ने भरून जाते. लगेच खालच्या ओळीत तेच तीन-चार शब्द, यावेळी न चुकता, पुन्हा येतात आणि वाक्य मार्गी लागते. ऑपरेटरचे बोट नेमके कुठे अडखळले, हे शंभर वर्षांनंतर बोट ठेवून दाखवता येते. कोशातल्या कोणत्याही नोंदीतून हे असे कळत नाही, आणि केवळ एवढ्यासाठीही मी हा संग्रह वापरण्याची शिफारस करीन.

क्वचित याहून गमतीचा प्रकार आढळतो. स्लग बदलणाऱ्याने चुकीचा ठेवून बरोबर असलेलाच काढून टाकलेला असतो. तिथे बातमीचा एक तुकडा कायमचा हरवलेला असतो आणि त्याच्या जागी ही बारा अक्षरे पाहुण्यासारखी ऐसपैस बसलेली असतात. सुट्या उताऱ्यापेक्षा सबंध पान समोर असण्याचे महत्त्व अशा वेळी पटते, कारण हरवलेल्या ओळीचा अंदाज आजूबाजूच्या मजकुरावरूनच बांधावा लागतो.

संग्रहाची खरी मर्यादा मजकुराच्या यंत्रवाचनात आहे, आणि ती समजून घेतल्याशिवाय शोध पुरा होत नाही. शोध पानाच्या प्रतिमेत घेतला जात नाही. यंत्राने त्या प्रतिमेवरून जो मजकूर वाचला, त्यात तो घेतला जातो. बहुतेक पाने मायक्रोफिल्मवरून आलेली आहेत. मूळ कागद पिवळा पडलेला, शाई कुठे फुटलेली तर कुठे उडालेली, आणि बांधलेल्या खंडाच्या शिवणीजवळ काळी सावली. अशा पानावर यंत्र ‘ई’ला ‘सी’ समजते, ‘यू’ला ‘एन’ समजते आणि ‘एल’ला ‘आय’ समजते. शब्द अर्थपूर्ण असेल तर अशा चुका आजूबाजूच्या अक्षरांवरून सावरल्या जाऊ शकतात. इथे सावरायला अर्थच नाही. म्हणून अवतरणचिन्हांतला पूर्ण शोध थोडीच पाने देतो, आणि केवळ त्यावर विसंबणारा वाचक हा प्रकार फार दुर्मीळ होता असा चुकीचा ग्रह करून घेईल.

यावर उपाय आहेत. दोन जुड्या वेगवेगळ्या शोधाव्यात. शेवटच्या ‘यू’च्या जागी ‘एन’ घालून पाहावे, ‘एल’च्या जागी ‘आय’ घालून पाहावे, मधली मोकळी जागा काढून बाराही अक्षरे सलग लिहून पाहावीत. ‘श्रड्लू’ ही जुडी यांत जास्त कामाची आहे, कारण इंग्रजीत तिच्या जवळपास जाणारा दुसरा शब्द नाही. निकाल आला की तो बहुधा खराच असतो. काळाची मर्यादा मात्र अवश्य घालावी. १८८६ च्या आधीचे पान निकालात आले, तर ते यंत्रवाचनाचे कर्तृत्व आहे असे खुशाल समजावे, कारण ते बोट फिरवायला तेव्हा कळाच नव्हत्या. राज्यानुसार शोध मर्यादित करण्याची सोयही उपयुक्त आहे. लहान गावांच्या साप्ताहिकांत ही ओळ वरचेवर का भेटते, याचे उत्तर तिथल्या अपुऱ्या मनुष्यबळात असावे, असा माझा तर्क आहे. जिथे ऑपरेटर, मुद्रितशोधक आणि संपादक एकच गृहस्थ असेल, तिथे चूक पकडायला दुसरा डोळा कुठून यायचा?

प्रत्येक वाक्प्रयोगाला हा संग्रह सारखाच लाभदायक ठरत नाही. अमेरिकन पत्रकार बातमीच्या हस्तलिखिताखाली दोन आडव्या रेघांच्या मध्ये ‘३०’ हा आकडा लिहून मजकूर संपल्याची खूण करत. वेस्टर्न युनियनने १८५९ मध्ये स्वीकारलेल्या तारसंकेतांत ‘३०’चा अर्थ ‘संपले, आणखी नाही’ असा होता, आणि खुणेचे मूळ तिथे असल्याचे बरेच जण मानतात. रोमन आकड्यांशी नाते जोडणारेही आहेत. हा वाद संग्रहातून सोडवायला जाऊ नये. ती खूण हस्तलिखितावर असे, छापील पानावर ती यायची नसेच. आणि शोधचौकटीत ‘३०’ टाकणे म्हणजे तारखा, किमती आणि घोड्यांच्या शर्यतींचे निकाल यांच्या लोंढ्याला आमंत्रण देणे आहे.

‘एटॉइन श्रड्लू’चे पुढचे आयुष्य शोधायलाही संग्रह चांगला आहे. चूक इतकी ओळखीची झाली की विनोदी सदरे लिहिणाऱ्यांनी या अक्षरांना माणूस बनवले. श्रीयुत श्रड्लू म्हणून कोणी परदेशी पाहुणा, कधी एखादा गूढ वार्ताहर. हे निकाल खऱ्या चुकांत मिसळून येतात आणि ते वेगळे करण्याचे काम वाचकाला स्वतः करावे लागते. पण ओळखणे अवघड नाही: मोठ्या अक्षराने सुरुवात झालेली दिसली की तिथे हेतू आहे, कारण मोठी अक्षरे कळफलकाच्या दुसऱ्या टोकाला होती आणि घाईतले बोट तिकडे जात नसे. वृत्तपत्रांबाहेरही हे नाव फिरले. १९२३ च्या एका अमेरिकन नाटकात श्रड्लू नावाचे पात्र आहे, १९४२ च्या एका विज्ञानकथेत लायनोटाइप यंत्रच सजीव होते, आणि टेरी विनोग्राड यांनी एमआयटीमध्ये १९६८ ते १९७० या काळात लिहिलेल्या, साध्या इंग्रजीतल्या आज्ञा समजून पडद्यावरचे ठोकळे हलवणाऱ्या संगणक-प्रणालीचे नावही तेच आहे. शिशाच्या यंत्रातली टाकाऊ ओळ कृत्रिम बुद्धिमत्तेच्या इतिहासात जाऊन बसली, हा योगायोग मला फार आवडतो.

‘न्यू यॉर्क ट्रिब्यून’चे अंक संग्रहात आहेत, त्यामुळे जुलै १८८६ मधली पाने उघडून पाहण्याचा मोह होतो. तो जरूर पुरवावा, पण अपेक्षा माफक ठेवाव्यात. लायनोवरचे साचे झिजले की शेजारच्या दोन अक्षरांच्या मध्ये केसाएवढी उभी रेघ उमटते आणि जाणकार तिच्यावरून यंत्राची जुळणी ओळखतात. ही रेघ मूळ कागदावर स्पष्ट दिसते. मायक्रोफिल्मवरून घेतलेल्या प्रतिमेत ती तितकी निश्चित नसते. छपाईच्या तांत्रिक अभ्यासासाठी हा संग्रह मूळ अंकांची जागा घेऊ शकत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे.

व्याप्तीबद्दल दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. एक म्हणजे कोणती वृत्तपत्रे घ्यायची हे राज्यागणिक ठरते, त्यामुळे एका राज्याची शेकडो छोटी पत्रे आहेत आणि कित्येक बलाढ्य दैनिके नाहीत. ‘न्यू यॉर्क टाइम्स’चा संपूर्ण दफ्तरखाना इथे शोधू नये. दुसरी म्हणजे संग्रह १९६३ पाशी थांबतो. त्यामागचे कारण कायद्यात आहे: अमेरिकेत त्या वर्षापर्यंतच्या प्रकाशनांचे हक्क टिकवण्यासाठी नूतनीकरण करावे लागे, आणि बहुतेक वृत्तपत्रांनी ते केले नाही, म्हणून ती आज मुक्त आहेत. परिणामी या वाक्प्रयोगाचा शेवटचा अंक इथे पाहायला मिळत नाही. न्यू यॉर्कमध्ये १९६२-६३ च्या हिवाळ्यात वृत्तपत्रांचा ११४ दिवसांचा संप झाला, आणि त्यातल्या महत्त्वाच्या प्रश्नांपैकी एक नव्या यंत्रांचा होता. १९७४ मध्ये जुळाऱ्यांच्या संघटनेने आजीवन नोकरीच्या हमीवर संगणकीय जुळणीला मान्यता दिली, आणि २ जुलै १९७८ च्या अंकानंतर ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने तप्त शिशाला निरोप दिला. त्या रात्रीवर एक माहितीपट निघाला आणि त्याच्या शीर्षकात याच बारा अक्षरांना निरोप दिलेला आहे. संप सुरू होण्यापर्यंतचा काळ संग्रहात सापडतो, त्यापुढे दुसरीकडे जावे लागते.

मराठी वाचकाला यात तुलनेचे एक स्थळ आहे. आपल्याकडे छापखान्यातल्या चुकीचे खापर मुद्राराक्षसावर फोडण्याची पद्धत होती. विशाखदत्ताच्या नाटकाचे नाव असे छापखान्यात कायमचे नोकरीला लागले आणि संपादकांची सुटका झाली. मात्र मुद्राराक्षस कोणत्याही चुकीला चालतो, तर अमेरिकन वाक्प्रयोग म्हणजे प्रत्यक्ष ती चूकच आहे, अक्षरे जशी पडली तशी. देवनागरीत असा वाक्प्रयोग घडणे कठीणच होते. वर-खाली लागणाऱ्या मात्रा आणि जोडाक्षरे धरून आपल्या खिळ्यांची संख्या शेकड्यांत जाई, ती ९० कळांत बसवणे हेच मोठे काम होते. १९३० च्या दशकात हरी गोविल यांनी अमेरिकेत देवनागरी लायनोटाइपची घडण केली, पण त्यानंतरही मराठी छापखान्यांत हाताने खिळे जुळवणे दीर्घकाळ चालूच राहिले. जुन्या मराठी वृत्तपत्रांतल्या चुकांचा असा अभ्यास करायचा, तर देवनागरी खिळ्यांची छपाई नीट वाचणारे यंत्रवाचन आधी हवे. त्याविना पाने नुसती पाहायला मिळतील, त्यांच्यात शोधता येणार नाही.

वापराच्या सोयीबद्दल थोडक्यात. पान पीडीएफ स्वरूपात उतरवून घेता येते, यंत्राने वाचलेला मजकूर वेगळा मिळतो आणि उच्च प्रतीची प्रतिमाही घेता येते. लेखात पान उद्धृत करताना वृत्तपत्राचे नाव, दिनांक आणि पानाचा क्रमांक एकत्र दिलेला असतो, ही गोष्ट संशोधकाचा वेळ वाचवते. बऱ्याच वृत्तपत्रांसोबत त्यांच्या इतिहासावर छोटी टिपणेही आहेत, ती वाचण्यासारखी आहेत. पूर्वी वर्गणी भरून वापरलेल्या एका खासगी संग्रहात मला शब्दाभोवतीचा चौकोनी तुकडा तेवढा मिळे आणि सबंध पानासाठी वेगळे पैसे मोजावे लागत. त्या तुलनेत हा उदारपणा ठळकपणे जाणवतो. मोबाइलवर मात्र हा संग्रह वापरू नये. वृत्तपत्राचे पान रुंद असते, त्या छोट्या पडद्यावर एक स्तंभ वाचता वाचता शेजारचा हरवतो, आणि आपण शोधतो आहोत ती ओळ दोन्ही स्तंभांच्या संदर्भातच कळते. मोठा पडदा, माउस आणि निवांत संध्याकाळ, एवढी तयारी करून बसावे. पहिला शोध ‘श्रड्लू’ याच जुडीचा, आणि काळ १८९० ते १९३० असा ठेवावा.